सुईने लावलेले दिवे

आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, नुसता पडदा. त्यामुळे मामंजींचं आणि वन्संचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं आणि नणंदेचं भांडण मी चोरून ऐकलं, असं कुणी म्हणू नये. ते मला ऐकावंच लागलं.

मामंजी वायरमन. सणाच्या दिवसांत शहरभर दिव्यांच्या माळा बांधायचे. घड्याळाच्या मनोऱ्यावरची माळ खास त्यांची. तिथूनच पडले आणि अंथरुणाला खिळले ते कायमचे. चौकात रोषणाई, आणि मामंजी छताकडे बघत.

वन्सं फोटो स्टुडिओत कामाला होत्या. तिन्हीसांजेला जाऊन त्यांनी चौकाचा फोटो काढून आणला. काळा-पांढरा. मामंजी म्हणाले, हे काय, चुना उडालाय. मग वन्संनी सुई घेतली. दिवा दिसेल तिथे बारीक भोक पाडलं, फोटो दोरीला टांगला, मागे टेबलावरचा दिवा लावला आणि खोलीतला मालवला. चौक हवेत तरंगायला लागला. मामंजींच्या पांघरुणावर उजेडाचे कण सांडले. ते हात फिरवून वेचायला बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कामावरचा जोडीदार भेटायला आला आणि सहज बोलून गेला, की यंदा मनोऱ्याची माळ लागलीच नाही. वन्संनी तर तीही टोचली होती.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, बाबा."

"मला बरं वाटायला नकोय. मला दिवे बघायचेत. आता बाकीचे तरी खरे कशावरून?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सण संपेपर्यंत फोटोकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी वन्संनी लागलेले तेवढेच दिवे टोचून पुन्हा फोटो टांगला. मामंजी बराच वेळ शोधत राहिले. चौकातून पुलाकडे जाणाऱ्या माळेत एक काळी फट सापडली. "जोड ढिला असणार," म्हणाले आणि असे हसले, जणू शिडी खांद्यावर टाकून आत्ताच घरी आलेत.

मामंजी गेले, स्टुडिओ बंद झाला. आता माझी नात फोनवर रोषणाई दाखवते, इतकी की रात्रीची दुपार होते. मी "छान" म्हणेपर्यंत बोटाने पुढची आलेली असते. वन्संनी मात्र कागद सोडला नाही. हल्लीचे सगळे दिवे टोचले तर कागदाची चाळण व्हायची, म्हणून त्या फक्त मनोरा छापून आणायच्या.

शेवटच्या खेपेला त्यांना एकट्याने जमेना. कागद मी धरला. मनोऱ्याच्या टोकाशी एक दिवा काळाच होता.

"टोचा की, वन्सं. आता कोण बघणारे?"

"लागलाय का तो?"

"नाही."

"मग?"

त्यांनी फोटो त्याच दोरीला टांगला, मागचा दिवा लावला, खोलीतला मालवला. मामंजींच्या रिकाम्या खाटेवर ठिपके पडले. चादरीची सुरकुती हाताने सारखी केली, सुई रिळात खोचली आणि मला म्हणाल्या, जरा सरक, तुझी सावली पडतेय.