शंभर टक्के होईपर्यंत

जालन्याच्या मस्तगडात ‘व्हिडिओवाला वसंता’ एवढं म्हटलं की पानटपरीवालाही जिना दाखवतो. जिना चढून गेलं की पहिल्याच खोलीत वसंताचा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या आधी वसंताच्या गप्पा. जालन्यात असं मशीन दुसऱ्या कोणाच्या घरी नाही, हे तो आलेल्या प्रत्येकाला ऐकवतो. खरं म्हणजे एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यानं जुना सर्व्हर भंगारात काढला, त्यातलं डिस्कचं कार्ड यानं भंगारवाल्याकडून उचललं आणि घरच्या पीसीत बसवलं. चार डिस्क एकत्र बांधून हे कार्ड त्यांची एकच मोठी डिस्क करतं. चारांतली एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढतात. एवढं खरं आहे. पण एक मेली तरी चालतं, याचा अर्थ वसंतानं आता काहीच मरत नाही असा लावला, आणि लग्नांची दुसरी प्रत ठेवायचं सोडून दिलं.

शूटिंग तो बरं करायचा. एडिटिंगची सगळी मेहनत मात्र शालूची, त्याच्या बायकोची. ती बी.एस्सी. झालेली, हा दहावीला दोनदा बसलेला. कार्डाचं इंग्रजी पुस्तक नेटवरून तिनंच काढून वाचलं, वायरी तिनंच जोडल्या. व्हिडिओच्या शेवटी नाव एकट्या वसंताचं यायचं. गिऱ्हाइकापुढं शालूनं चहा ठेवायचा आणि आत जायचं, असा अकरा वर्षांचा घरचा रिवाज होता. चुकून ती दोन शब्द बोललीच तर वसंता हसून म्हणायचा, “हिला काय कळतंय त्यातलं.” गिऱ्हाईकही हसायचं.

यंदा खंडेनवमीला वसंताला नवीन सुचलं. हत्यारांच्या पूजेला कॅमेरा तर सगळेच शूटिंगवाले पाटावर ठेवतात, त्यात याचा मोठेपणा काय राहिला? त्यानं मशीन उघडलं, चारही डिस्क उपसल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पाटावर ओळीनं मांडल्या. “बाहेरून डब्यालाच लावा ना कुंकू,” शालू म्हणाली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मूठभर हळद, मूठभर कुंकू, वर झेंडूची फुलं, आणि फोटो काढून स्टेटसला. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं, म्हणून डिस्क दोन दिवस तशाच पडून राहिल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्या झटकून परत बसवल्या आणि बटण दाबलं, तर कार्डानं कर्कश शिट्टी धरली. चारांतल्या दोन डिस्कचे दिवे लागलेच नाहीत.

नेमके तेव्हाच अप्पाराव जिना चढून आले.

अप्पाराव भोकरदनचे. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या मुलीच्या, तृप्तीच्या लग्नाचं शूटिंग वसंतानं केलं होतं. फोटोंचा अल्बम दिला, व्हिडिओ मात्र एडिटिंग चालू आहे म्हणत लांबवला, आणि लग्नानंतर आठ महिन्यांनी तृप्ती डेंग्यूनं गेली. त्यानंतर अप्पाराव पाच वेळा येऊन गेले होते. पाहुण्यांच्या मोबाईलमधले तुकडे होते त्यांच्याकडं, पण त्यात डीजेशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांना पाहिजे होतं ते वेगळंच. हळदीच्या सकाळी वसंतानं तृप्तीला खुर्चीवर बसवून, ओढणीला माईक लावून, वडिलांबद्दल बोलायला सांगितलं होतं. हल्ली सगळ्या नवऱ्या मुली बोलतात तसं. अप्पाराव तेव्हा आचाऱ्याकडं होते. काय बोललीस म्हणून नंतर विचारलं, तर ती म्हणाली, व्हिडिओ आल्यावरच ऐका. ते ऐकायचं राहून गेलं होतं.

“दसऱ्यानंतर या म्हणल्ते तुम्ही,” अप्पाराव म्हणाले. “आज घेऊनच जातो, वसंतराव. पण ही शिट्टी काय वाजून राह्यली?”

“किरकोळ हाय. बसा.”

किरकोळ काही ते नव्हतं. वसंतानं वायरी बदलल्या. कार्ड उपसून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. शिट्टी तशीच. शेवटी चहा घेऊन आलेल्या शालूनं कप खाली ठेवला आणि दिवा न लागणारी एक डिस्क काढून उलटी केली. जोडणीच्या फटीत कुंकू गच्च बसलं होतं. ओल्या फडक्यानं त्याचा लगदा झाला होता आणि दोन दिवसांत तो वाळून चिकटला होता. तिनं दोन्ही डिस्कच्या फटी कोऱ्या टूथब्रशनं घासून झाडल्या. मशीन सुरू केलं आणि चारही दिवे लागले.

“ताईंचा हात बराबर बसला,” अप्पाराव म्हणाले.

हे ऐकून वसंताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पडद्यावर कार्डाचा एक प्रश्न आला होता. मधेच हरवून परत आलेल्या डिस्क कार्डाला आता परक्या वाटत होत्या. त्यांच्यावरची जुनी मांडणी आहे तशी घ्यायची, की पुसून नवी करायची, एवढंच ते विचारत होतं.

“जुनी घ्या,” शालू म्हणाली. “पुस्तकात तेच लिहिलंय. नवी केली तर सगळं जाईल.”

दोघंच असते तर वसंतानं ऐकलंही असतं. पण ती गिऱ्हाइकासमोर बोलली होती, आणि गिऱ्हाइकानं नुकतंच तिला शहाणं ठरवलं होतं. “तू आत जा,” तो म्हणाला, आणि निव्वळ बायकोचं खरं होऊ नये म्हणून त्यानं नवी मांडणी निवडली. कार्डानं दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा त्यानं होय म्हटलं. मग झटपट करू की पूर्ण, असं आलं. हा दीडशहाणा तिथंही ‘पूर्ण’वर गेला. पडद्यावर एक पट्टी आली, तिच्यापुढं आकडा होता एक टक्का.

“शंभर झालं की आपलं काम झालं,” त्यानं अप्पारावांना सांगितलं. त्यालाही तेव्हा तसंच वाटत होतं.

चार टक्क्यांवर शालूनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. “ती पट्टी डिस्क कोऱ्या करून राह्यली,” ती हळू आवाजात म्हणाली. “पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसत जाती. तृप्तीचं आपण शेवटी टाकल्तं, ते अजून जागेवर हाय. आत्ताच्या आत्ता बंद करा. उरलेलं पुण्यातले डेटावाले काढून देतात.”

वसंताला ते कळलं. हेच त्याच्याबद्दल सांगायचं आहे. त्याला काही कळलं नाही असं म्हणायची सोयच त्यानं ठेवली नाही. बंद करायचं म्हणजे बाहेर जाऊन अप्पारावांना सांगावं लागणार, मी चुकलो, ही बरोबर होती. ते त्याच्यानं होईना. “गप बस,” तो म्हणाला, आणि बाहेर येऊन पट्टीसमोर बसला.

अप्पारावांनी खुर्ची पुढं ओढून घेतली होती. त्यांनी झुंबरबाईंना, बायकोला, फोन लावला. “अकरा टक्के झाले. तू जेवून घे, टाइम लागन. होय, समोरच बसलोय.” दुपारी शालूनं ताटं वाढली, तेव्हा चौतीस झाले होते. अप्पारावांनी पडद्याकडं तोंड करूनच पोळी खाल्ली. तृप्ती लहानपणी त्यांच्या गाडीत बसून भोकरदन ते जालना यायची आणि तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन बसायची, असं सांगत होते. वसंता हूं हूं करत राहिला.

बावन्नवर शालूला राहवलं नाही. ती भांडी उचलायच्या निमित्तानं आली आणि तिनं भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला. वसंतानं तिचं मनगट पकडलं. पण तिला थांबवलं ते त्यानं नव्हे. अप्पाराव अर्धे उठले होते.

“नका ताई, मधीच बंद नका करू,” ते म्हणाले. “एवढं झालंय. माझ्या पोरीचं हाय त्यात.”

तेव्हा तिनं तोंड उघडायला हवं होतं. राग तिचाही येतो. पण मनगटावरची बोटं आवळत होती, आणि गिऱ्हाइकापुढं आत जायची अकरा वर्षांची सवय पायांना होती. ती आत गेली. अप्पारावांनी परत फोन लावला. “साठला आलंय. आलीच समज.”

चारच्या सुमारास शंभर झाले. पडद्यावर मोठी, स्वच्छ, कोरी डिस्क दिसू लागली. अप्पाराव उठले, शर्टाची खालची बाजू ओढून सारखी केली आणि वाकून बघू लागले. “कुठं हाय? दाखवा.”

वसंतानं कपाळ पुसलं. “गेलं, अप्पा. सगळं गेलं. सकाळी हिनं डिस्कला ब्रश मारला ना, तिथंच बिघडलं. मी दिवसभर कोशिश करून राह्यलो, पण काही राह्यलं न्हाई.”

ब्रश तर अप्पारावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. तिचा हात बटणाकडं गेलेलाही पाहिला होता. पुढं ओढलेली खुर्ची त्यांनी परत जागेवर सरकवली. मग त्यांनी वसंताला हात जोडले. “तुम्ही धड जेवला बी न्हाईत माझ्यापायी. तुमचं काय चुकलं, वसंतराव.”

शालू दारात आली होती. ती म्हणाली, “अप्पा, एडिटिंगला बसल्ते तेव्हा मी ऐकलंय ते सगळं. तृप्ती तुमच्याबद्दल काय बोलली, मला शब्द न् शब्द ध्यानात हाय. बसा, मी सांगते.”

अप्पाराव तिच्याकडं न बघता चपला शोधत राहिले.

“तुमच्या तोंडून तिचं नाव नको, बाई,” ते म्हणाले.

कठडा धरून ते एकेक पायरी उतरले. खिशात फोन वाजत होता, तो त्यांनी घेतला नाही. फोनचा आवाज रस्त्यावर जाऊन बंद होईपर्यंत वसंता कान देऊन उभा होता. मग तो खुर्चीत बसला.

“बरं झालं,” तो शालूला म्हणाला, “भांडला न्हाई.”