खारोड्यांच्या डब्यातला कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एका बाईला सांगितलं होतं, एकदाच — पण तिनं ते मानलं नाही, त्यामुळे ते सांगितल्यात जमा होत नाही. त्याबद्दल पुढे येईनच. धीर राहिला तर.

गोष्ट खाण्याची आहे. तुम्ही हसाल. हसा — मीसुद्धा बरेच दिवस हिला हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. माणसं काय काय कबूल करतात! आणि मी काय घेऊन बसले आहे, तर खारोड्या. पण हसून झालं की पुढे वाचा.

मी वाशीमला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. समारंभांशी माझं जुनं वाकडं. दीपप्रज्वलनाच्या वेळी मेणबत्ती विझते आणि तीन प्राध्यापक काडेपेटीसाठी एकमेकांचे खिसे चाचपतात, तेवढाच क्षण मला त्या कार्यक्रमात खरा वाटतो. शाल, नारळ, 'दोन शब्द' म्हणून सुरू होणारा पाऊण तास — यावर मी स्टाफरूममध्ये बोलायला लागले की लोक चहा थंड करून ऐकतात. मॅडमना ढोंग लगेच दिसतं, असं म्हणतात. दिसतं खरं. दुसऱ्याच्या अंगावर असलं की.

सासरे गेले तेव्हा सासूबाई अनसिंगहून आमच्याकडे राहायला आल्या. कपड्यांचं एक गाठोडं, आणि एक जुनं लुगडं वेगळं बांधलेलं — ते नेसायचं नव्हतं, वाळवणाचं होतं. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. पण आठवण अशी, की चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात वरण खारट झालं होतं आणि त्यावरून कोण जेवण सोडून उठला होता, हे त्या नावानिशी सांगायच्या. घरात काही सापडेनासं झालं की आम्ही त्यांना विचारायचो. नवऱ्याचं पॅनकार्ड, माझा चष्मा, लाइटबिल. त्या जागेवरून न हलता सांगायच्या. तेवढाच त्यांचा तोरा होता. दुसरं मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि हेही त्या मिरवत नव्हत्या.

त्यांना बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ जरा बेतानं. त्या 'जरा बेतानं'चा मी कायदा केला. शेव, चिवडा, पापड, फरसाण, लोणचं — घरात बंद. यादी टाइप केली, लॅमिनेट करून आणली आणि फ्रिजवर चिकटवली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तरीही. मग ती यादी कोणासाठी होती? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचून 'मॅडमच्या घरी शिस्त आहे हं' म्हणावं म्हणून. ती माझी शाल, तो माझा नारळ. हे मला आज कळतं आहे असं नाही. तेव्हाही कळत होतं.

उन्हाळ्यात त्या तरीही खारोड्या घालायच्या — घरात खायला नाही, लेकी-नातींना द्यायला. ज्यांनी खारोडी खाल्ली नाही त्यांना काय सांगू? बाजरी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ-जिरं घालून शिजवायची, आणि स्लॅबवर त्या लुगड्यावर बोटांनी लहान लहान गोळे टाकायचे. तीन-चार कडक उन्हं. वाळल्या की खड्यासारख्या दिसतात, काही देखणा पदार्थ नाही. पण सोबत चार शेंगदाणे घेतले — कच्चे — की मग हात आपला राहत नाही. सासूबाईंच्या हातची खारोडी तर आधी खारट लागायची, मग तिखट, आणि सगळ्यात शेवटी, गिळल्यावर, बाजरीची किंचित गोडी यायची. त्या गोडीसाठी दुसरी तोंडात टाकावी लागे. मी त्यांना कधी म्हटलं नाही की छान झाल्या आहेत. म्हणणार कशी? मी खारोड्या खात नव्हते ना.

माझं कॉलेज सकाळचं. साडेबाराला घरी. नवरा ऑफिसात, सासूबाई दोन ते चार झोपलेल्या. दोन ते चार घर माझं.

खारोडी कडक असते, चावली की आवाज शेजारच्या खोलीत जातो. मी ती गालात धरून ठेवायला शिकले. उत्तरपत्रिका तपासता तपासता एक गालात ठेवायची, एका निबंधात ती मऊ पडते. मग आवाजाशिवाय. विद्यार्थी लिहायचे 'संयमाचे महत्त्व', आणि मी त्याखाली लाल शाईनं लिहायची — विचार वरवरचे. गालात खारोडी होती तेव्हा लिहायची.

डबा खाली जायला लागला. मग थांबले का? मी डब्यात कागद घातला. सगळ्या खारोड्या परातीत ओतल्या, तळाशी वर्तमानपत्राच्या जाड घड्या बसवल्या, आणि खारोड्या परत वर पसरल्या. डबा भरलेला दिसू लागला. आठ-दहा दिवसांनी आणखी कागद. हे काम मी इतकं नीट केलं, घड्या इतक्या गोल दाबल्या, की मला वाटतं त्या वर्षी मी दुसरं काहीच इतकं मन लावून केलं नाही.

माझ्या नणंदेला मंगरूळपीरला दिली आहे. तिच्या लेकीला सातवा महिना लागला होता आणि पोरीला आजीच्याच खारोड्या हव्या होत्या, दुसऱ्या कुठल्या नकोत. सासूबाईंनी त्या डब्याला हात लावू नका म्हणून सांगून ठेवलं होतं — मला, कारण घरात जबाबदार मीच. नणंद रविवारच्या बसनं आली. पिशवीचं तोंड उघडून तिनं डबा पालथा केला. ओंजळभर खारोड्या पडल्या, आणि त्यांच्यावर कागद, एकामागून एक.

"माय, हे काय व? पोरीसाठी ठेवल्या होत्या ना तू?"

सासूबाई डब्यात बघत होत्या. "पार काठालोक भरला होता व म्या. मले आठवते ना."

नवरा बाहेरून आला. सासूबाईंचं बीपी वाढलेलं होतंच त्या महिन्यात, त्याला दोन्ही गोष्टींची सांगड घालायला वेळ लागला नाही. "तुले किती खेपा सांगतलं मीठ बंद हाये म्हणून? या वयात चोरून खाऊन राह्यली काय?"

"म्या नाई खाल्ल्या गा."

"मंग कोनं खाल्ल्या? मांजरानं खाल्ल्या अन् खाली कागद घातला? नंदा तं खारोडीकडे पाह्यतबी नाही."

नंदा म्हणजे मी.

त्या वेळी दोन शब्द पुरले असते. मला दोन शब्दांवर पाऊण तास बोलणाऱ्यांची चेष्टा करता येते. ते दोन मात्र आले नाहीत. पण मी गप्प राहिले असते तरीही बरं होतं — मी इथपर्यंत तुम्हाला फिरवत आणलं ते यासाठी. खाल्लं, ते खाल्लं. कागद घातला, तेही एक वेळ सोडा. मी जे बोलले ते हे होतं:

"जाऊ द्या ना. ह्या वयात होतं असं. त्यांना आठवत नसेल."

किती समंजस वाक्य आहे बघा. आवाजही मी त्याला शोभेल असा लावला. नवऱ्याचा राग उतरला. नणंदेनं डोळ्याला पदर लावला. चोरीचा ठपका गेला, आजाराची कीव आली — सगळ्यांना बरं वाटलं. एकट्या सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. एखाद्या अनोळखी गावात उतरल्यावर माणूस बोर्ड शोधतो तसं.

मग त्या वाकल्या आणि कागद गोळा करायला लागल्या. सगळ्यात वरच्या कागदावर शब्दकोडं होतं, निळ्या पेनानं अर्धं भरलेलं. आमच्या घरात कोडं एकटी मी सोडवते. पुरावा तिथे फरशीवर पडलेला होता. वाचता येणारी दोन माणसं त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. बघितलं ते त्यांनी. अक्षरं कळत नव्हती, पण चौकटी ओळखीच्या होत्या. तो कागद त्यांनी पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुयं चौकटीचं दिसते व. म्याच घातलं असन खाली. ठेव, तुया कामाचं असन."

मी तो घेतला.

त्यानंतरचं सरळच आहे. आधी त्या दिवसातून चार वेळा डबे उघडून बघायच्या. मग कपाटाची किल्ली कमरेची काढून माझ्याकडे दिली. "तूच ठेव बाप्पा, माया भरोसा नाही." किल्ली मी घेतली. मग अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवून झालं. डॉक्टरांनी विचारलं ते आम्ही सांगितलं — खातात आणि विसरतात, हे मीच सांगितलं, पदवीधर माणसाच्या मुद्देसूद पद्धतीनं. आज तारीख काय, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी आयुष्यात तारीख कधी ठेवली नव्हती. त्या तिथी सांगू शकल्या असत्या. पण त्या माझ्याकडे बघायला लागल्या. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायला लागली, आणि झोपेतून उठलेलं माणूस दिवस विसरतंच. आम्ही एकमेकांना म्हणालो, वेळेवर लक्षात आलं.

मी थांबले असेन, असं तुम्हाला वाटतं का? कपाटात दुसरा डबा होता. किल्ली माझ्याजवळ. आता कागदाचीही गरज नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बाजरी भिजवली. शिजवताना मीठ घातलं, आणि पळी हातात धरून उभ्या राहिल्या. "मीठ टाकलं का व म्या?" मी दारातच होते, मला दिसलं होतं. हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि थोड्या वेळानं आपल्यावर विश्वास नाही म्हणून पुन्हा घातलं. मग आणखी एकदा. त्या खारोड्या कोणाच्या तोंडात धरवल्या नाहीत. लुगडं त्यांनी स्वतः धुतलं, घडी केली आणि मला विचारलं, "हे आता फरशी पुसाले घेतं का?"

खरंच विसरणं कधी सुरू झालं, मला माहीत नाही. आलंच असतं का ते, मी नसते बोलले तरी? डॉक्टर म्हणतील, वयाचं आहे. म्हणू देत. मी त्यांच्या हातातून धरून ठेवायची काठी काढून घेतली आणि मग म्हणाले, बघा, चालता येत नाही.

सांगितलं ते सासूबाईंनाच. गेल्या चैत्रात, दुपारी, त्या उठल्यावर. खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं — डबा, कागद, दोन ते चार, ते वाक्य. त्या ऐकत होत्या. त्या दिवशी चांगल्या होत्या, मला ओळखत होत्या. मग हसल्या, आणि माझ्या गुडघ्यावर थापटलं.

"मले बरं वाटावं म्हणून म्हनते काय व? कायले एवढं खोटं बोलते माया पाई?"

मी म्हटलं, आई, खरं सांगते आहे. "असू दे, असू दे," त्या म्हणाल्या, "कोनाले सांगू नको. लोक तुलेच चोर म्हनतीन."

कोणाला सांगू नको म्हणाल्या, आणि स्वतः सगळ्यांना सांगितलं. एरवी सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण हे राहिलं. दारावर भाजीवाली आली की तिला, शेजारणीला, मंगरूळपीरला फोनवर — माया सुनेनं माया दोष आपल्या आंगावर घेतला. नणंद फोनवर रडली. "वहिनी, तुमच्यासारख्या तुमीच," म्हणाली.

मी काय म्हटलं असेल? "अहो, त्यात काय," म्हटलं.

आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं मग 'आदर्श सून' म्हणून सत्कार करायचं काढलं. मी नको म्हटलं. तो माझा विनय ठरला.

खारोड्या आता घरात होत नाहीत. नातीचा मुलगा शाळेत जायला लागला, त्याला ती चव माहीत नाही. होणारही नाही, माप त्यांच्या हातात होतं आणि मी कधी विचारून घेतलं नाही. मी दुकानातली शेव आणते, पर्समधून. तिला चव नाही. तरी खाते.

फ्रिजवरची यादी आहे तशीच आहे, कोपऱ्याला प्लास्टिक सुटलं आहे फक्त.

काल जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुनबाई, म्या जेवली का व?" जेवलात, म्हटलं. त्यांना पटलं, माझं म्हटलेलं त्यांना पटतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चोरून तं काही नाही खाल्लं ना म्या?"

"नाही."

"लक्ष ठेवत जाय बाप्पा मायावर."

मी हो म्हटलं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. घड्याळात दोन वाजले होते.