माहेरी झालेली यवतमाळची मुलं

ताईचा फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवलं होतं. "हे गेले वो..." एवढंच ती बोलली. मधुकरराव म्हणजे माझे मेहुणे, यवतमाळच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं मी त्यांची थट्टा करत आले. त्यातली एक थट्टा त्यांना फार महागात पडली, ती आज सांगून टाकावीशी वाटते.

निवृत्तीनंतर भाऊजींनी जन्मनोंदीची जुनी रजिस्टरं धरली. शंभर वर्षांपूर्वी कापसाचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, खेड्यापाड्यांतून माणसं कामाला आली आणि यवतमाळ वाढलं. त्या काळात गावातल्या कुठल्या वस्तीत किती मुलं जन्मली, ते त्यांना शोधायचं होतं. रोज अकरा वाजता डबा घेऊन ते रेकॉर्ड रूममध्ये जायचे आणि संध्याकाळी खोकत परत यायचे. कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की जिल्ह्यातल्या कुणा तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी. एकदा मी चिडून म्हणाले, "माणसं मरून राह्यली आन् तुम्ही शंभर वर्सांपूर्वीचे जन्म कायले मोजता?" ते रागावले नाहीत. "मरणारा कोणाचा होता, कुठून आलता, कोण पाहून राह्यलं? मी तेच पाहतो, पार सुरुवातीपासून." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

बारा वर्षांनी पुस्तक तयार झालं. छापायला देण्याआधी त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. जिनिंगच्या वस्तीत मुलं फारच कमी जन्मली, म्हणजे मजुरांचे संसार इथं रुजलेच नाहीत, असं त्यात होतं. मला हसू आलं.

"काहून हासून राह्यली वो?"

"भाऊजी, तुमचे दोन्ही पोट्टे कुठं झाले?"

"मुकुटबनले."

"मंग यवतमाळच्या रजिस्टरात सापडतीन काय?"

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. ताईची दोन्ही बाळंतपणं आमच्या माहेरी, मुकुटबनला झाली होती. त्या मजुरांच्या बायकाही मारेगावकडे, झरीकडे आपापल्या आईकडेच गेल्या असणार. इतकी घरातली गोष्ट, पण गणिताच्या मास्तरांना बारा वर्षांत सुचली नाही! त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत आणि मला माझ्या जिभेचा राग आला. "छापून टाका, कोणाले समजते?" मी म्हटलं. "मले समजलं ना आता," ते म्हणाले.

मग त्यांच्या एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मारेगाव, मुकुटबन, झरी... गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेली जुनी कोतवाल बुकं काढायला लावायची आणि ज्याचा बाप यवतमाळचा आहे असं बाळ शोधायचं. एखादं सापडलं की परतताना आमच्या दारात थांबून सांगायचे, "आज यवतमाळचा एक पोट्टा घरी आणला." एवढा आनंद त्यांना स्वतःच्या मुलांच्या वेळीही झाला नसेल, असं ताई म्हणायची. पण उन्हातान्हातल्या त्या फिरण्यानं खोकला वाढत गेला. शेवटी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून ते आलेच नाहीत. पुस्तक अपुरं राहिलं. मी त्या दिवशी हसले नसते तर ते छापलेलं पुस्तक हातात घेऊन समाधानानं गेले असते, हे काही केल्या मनातून जात नाही.

मागच्या आठवड्यात ताईकडे गेले, तेव्हा मृत्यूचा दाखला येऊन पडला होता. नागपूरचा. ती बराच वेळ तो कागद बघत होती. "म्हणजे यवतमाळच्या रजिस्टरात हे नाहीतच," ती म्हणाली. मग तिनं कपाटातून त्यांची वही काढली. गावोगावी सापडलेली मुलं ते तिच्यात उतरवून घ्यायचे. शेवटच्या नोंदीखाली तिनं पट्टीनं रेघ मारली, त्यांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, ठिकाण नागपूर लिहिलं. आणि मग शेवटच्या रकान्यात, त्यांच्यासारखंच सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं : राहणार यवतमाळ.