गोपिका सिस्टर आणि दोन अंदाज

“आकडा शंभरांचा असते, माणूस एकटा असते,” हे गोपिका सिस्टरचं ठरलेलं वाक्य. नागपुरात प्रताप नगरच्या बाजूच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात ती होती. कोराडीहून बसनं यायची. अंबाडा घट्ट, चाल संथ.

आजार किती भारी आहे हे मोजायच्या तिथं दोन रीती होत्या. एक पहिल्या दिवसाच्या सगळ्यांत वाईट तपासण्या धरून मरणाचा अंदाज सांगे. दुसरी रोज सकाळी फुप्फुस, किडनी, रक्तदाब असं एकेक पाहून गुण देई; गुण जास्त, तर बिघाड जास्त. दोन्हींत खरी कोणती ठरते, हे डॉक्टर ताडून पाहत होते. गोपिका दोन्हींसाठी मोजमाप करी; मत मात्र देत नसे.

सावनेरकडचे वामनराव न्यूमोनियानं आले आणि दोन्ही रीतींचं पटेना. पहिली म्हणे, जाणार. दुसरीचा आकडा रोज थोडा उतरत होता. डॉक्टरांनी दोन्ही सांगून, श्वासाच्या मशीनवर ठेवायचं की घरी न्यायचं, हा निर्णय घरच्यांवर सोडला.

वामनरावांच्या भावानं, ताराचंदनं, तिकडे गावी अंगण सारवून घेतलं होतं. त्यांच्या घरचं माणूस आजवर परक्या छताखाली मेलं नव्हतं. जीव असतानाच ते तुळशीजवळ, भुईवर यायचं.

“एकच माल अन् दोन काटे दोन वजनं सांगून राहिले! कापसाच्या बाजारात असतो तं भांडलो असतो, सिस्टर!”

“इथंही भांडा भाऊ, पण हळू. बाकीचे झोपून राहिले.”

वामनरावांची बायको मनकर्णाबाई पुढे आल्या. “मशीन काढून नेलं तं वाटेतच जातीन. ठेवलं अन् इथंच गेले, तं अंगणाले काय सांगू? तुमचे वडील असते तं नेलं असतं का, ताई?”

नेहमीचं वाक्य गोपिकाच्या तोंडाशी आलं. तिनं ते गिळलं. “नसतं नेलं.”

वामनराव मशीनवरच राहिले. दुसरीचा आकडा आणखी उतरला, मग एका दुपारी एकदम चढला. संध्याकाळी वामनराव तिथंच गेले.

गोपिका समोर येऊन उभी राहिली. “मावशी, ठेवा असं मीच म्हटलं होतं.”

“हो. तुम्हीच म्हटलं.” मनकर्णाबाईंनी फरशीवर तळहात टेकला. “घडीभर खाली ठेवता येते का त्यायले?”

गोपिकानं डॉक्टरांना विचारलं, चादर अंथरली आणि ताराचंदच्या हातानं त्यांना खाली घेतलं.

पाळी संपल्यावर ती बसथांब्याकडे निघाली. ताराचंदनं मान फिरवली. मनकर्णाबाई मात्र गाडीत नवऱ्याच्या पायाशी बसून, गोपिका वळणाआड होईपर्यंत पाहत राहिल्या.