साखळीबाई आणि आठ लाकडी घोडे

उताराच्या तोंडाशी, वजनकाट्याला लागून पत्र्याची एक केबिन आहे. आत दोन खुर्च्या, एक टेबल, चापट खाल्ल्याशिवाय न फिरणारा पंखा आणि खिळ्याला टांगलेल्या दोन जाड लोखंडी साखळ्या. एका खुर्चीत जोडीदार हवालदार बसतो आणि सहसा उठत नाही. दुसरी खुर्ची ज्या हवालदारबाईंची, त्या एकोणीस वर्षांत तिच्यावर सलग दहा मिनिटं बसलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. बाईंचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर त्यांना साखळीबाई म्हणतो. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात.

हे नाव पडलं एका गाद्यांच्या ट्रेलरमुळे. बाई नोकरीत नव्या होत्या. एक जीपवाला मागच्या ट्रेलरवर गाद्यांचा डोंगर रचून गाणं म्हणत उतार उतरत होता. मधेच जीप आणि ट्रेलर जोडणाऱ्या हुकाची पिन उडाली. जीपवाल्याला पत्ताच नाही. त्याने सहज उजवीकडे पाहिलं, तर एक ट्रेलर त्याला मागे टाकून पुढे चाललेला. "कोण हा येडा, ओव्हरटेक करतोय!" असं म्हणून त्याने हॉर्नसुद्धा वाजवला. मग ओळख पटली. ट्रेलर वळणावरच्या न्हाव्याच्या दुकानात पाहुण्यासारखा दारातून आत शिरला. न्हावी आणि गिऱ्हाईक दोघंही चहाला गेले होते म्हणून वाचले. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी मात्र त्या दिवशी तशीच राहिली.

सगळे हसले. बाईही हसल्या, पण रात्री त्यांना त्या रिकाम्या खुर्च्या दिसत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून ट्रेलर दिसला की त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "साखळी कुठाय?"

"बाई, पिन आहे की भक्कम."

"पिन निघाली तर?"

"निघत नाही हो."

"न्हाव्याला विचारून ये."

साखळी नुसती असून भागत नाही. दोन पाहिजेत, आणि हुकाखालून एकमेकींना फुलीसारखं छेदून गेलेल्या पाहिजेत, म्हणजे ट्रेलरचा दांडा सुटलाच तर जमिनीवर न आपटता त्या फुलीत झोळीतल्यासारखा पडतो. वळताना ताण येणार नाही एवढी ढील हवी, रस्त्यावर घासेल एवढी नको. जड माल चाकांच्या थोडा पुढे, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मागचे दिवे चालू, माल आवळलेला. हे सगळं बाई कागद न बघता बोलतात, आणि बोलताना हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. हात लावायचा तो ड्रायव्हरने. पिन त्यानेच काढायची, त्यानेच घालायची, पिन वर उडू नये म्हणून खाली क्लिप त्यानेच अडकवायची. "हात तुझा, डोळे माझे," हा त्यांचा कायदा. कायद्याच्या पुस्तकात तो नाही, पण उतारावर त्याच्याइतका कडक दुसरा नाही.

एका फर्निचरवाल्याने एकदा कुरकुर केली होती. "बाई, पाच किलोमीटर तर जायचंय!"

"पाच किलोमीटरसाठी उतार सपाट होतो का?"

घरीही तेच. कपाटाची कडी, सायकलचं स्टँड, गच्चीवरच्या दोरीची गाठ, सगळं एकदा ओढून बघायचं. नवरा गणिताचा मास्तर, स्वभावाने गरीब. पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "लग्नात हिने माझा हात हातात घेतला तेव्हासुद्धा एकदा ओढून बघितला होता." बाई म्हणतात, "मग? टिकला ना?"

या बाईंना एक थोरला भाऊ आहे. सुतार. दादा. वयाने पाच वर्षांनी मोठा आणि हट्टाने पन्नास. लहानपणी बहीण सांगेल त्याच्या उलट करायचं असं त्याने एकदा ठरवलं, आणि ते व्रत म्हातारपण दिसू लागलं तरी मोडलं नव्हतं. गेली दोन वर्षं तो दुकानाच्या मागच्या खोलीत आठ लाकडी घोडे कोरत होता. मुलांच्या दवाखान्याच्या बागेत बसवायला, गोल फिरणारे. आठही वेगळे. एक झोपाळू, एकाला पुढचे दोन दात नाहीत, एकाने कान मागे टाकलेले आणि ओठ आवळलेले. तो हुबेहूब त्यांच्या आत्यासारखा दिसतो, फक्त आत्याला हे सांगितलेलं नाही. घोडे न्यायचा दिवस ठरला. संध्याकाळी पाचला मुलांना बागेत आणणार होते. त्यातली काही मुलं दुसऱ्या दिवशी मोठ्या शस्त्रक्रियेला जाणार होती, म्हणून दिवस पुढे ढकलायची सोय नव्हती.

दादा दुपारी एकला जीप आणि मागे उसना ट्रेलर घेऊन उताराच्या तोंडाशी आला. बहीण शिट्टी तोंडात धरून रस्त्याच्या मधोमध उभी.

"चिमणे, सर की बाजूला. उशीर होतोय."

रांगेतल्या ट्रकवाल्यांनी 'चिमणे' ऐकलं आणि एकमेकांना कोपरं मारली.

"ड्यूटीवर चिमणी नाही. ड्रायव्हर, खाली उतरा. साखळी कुठाय?"

"दोरखंड बांधलाय."

"दोरखंडाने बकरी बांध."

मग जे सुरू झालं ते दीड तास चाललं. जड लोखंडी चौकट दादाने अगदी मागे ठेवली होती, घोड्यांना घासू नये म्हणून. ती पुढे आणायला लावली. म्हणजे आठही घोडे उतरवायचे आणि परत चढवायचे. एकेक घोडा खाली येऊन रस्त्याकडेला उभा राहिला, तसा वजनकाट्यावर जत्रेचा माहोल झाला. ट्रकवाले उतरून दातपडक्या घोड्याला गोंजारू लागले. दादाचा अंगठा आदल्या दिवशी रंध्याने सोलला होता, त्यावर फडक्याची जाडजूड मोळी. त्यामुळे त्याचा राग आणखी वाढलेला.

"तू लहानपणी माझ्या भोवऱ्याची दोरीसुद्धा तपासायचीस."

"आणि तू माझं न ऐकता माळ्यावरून पडायचास."

"एकदाच पडलो!"

"दोनदा. दुसऱ्यांदा माझ्यावर."

साखळ्या कुठून आणायच्या? बाईंनी केबिनमधल्या, ड्रायव्हरांना दाखवायला ठेवलेल्या दोन्ही काढून दिल्या. दादाने त्या सरळ अडकवल्या. बाईंनी काढायला लावल्या, फुली करून लावायला लावल्या. आता राहिली पिन. ती काढून, झिजली आहे का बघून परत घालायची. दादा वाकला. फडक्याचा अंगठा क्लिपमध्ये घुसेना. मागे हॉर्न वाजू लागले. घड्याळात अडीच वाजून गेलेले. दादाने मान वर केली, तर त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच राग नव्हता, नुसती काळजी होती. "चिमणे, मुलं वाट बघतील गं."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचे पाठीमागचे हात पुढे आले.

"सर. मी करते."

त्यांनी क्लिप काढली, खिशात टाकली, पिन उचलून बघितली. ठणठणीत होती. पिन परत भोकात सोडली. तेवढ्यात मागचे दोन ट्रकवाले कोणी आधी जायचं यावरून एकमेकांच्या घराण्याची चौकशी करू लागले. बाई शिट्टी फुंकत तिकडे धावल्या आणि जाता जाता हात हलवून ओरडल्या, "जा, दादा, जा!"

दादा निघाला. दहा मिनिटांनी ट्रकवाल्यांची समजूत पटली. पावती लिहायला बाईंनी पेनासाठी खिशात हात घातला. पेनाबरोबर क्लिप बाहेर आली.

वीतभरसुद्धा नाही, वाकवलेली एक तार.

"काय झालं?" जोडीदार हवालदाराने विचारलं, आणि बाईंचा चेहरा बघून तो चक्क खुर्चीतून उठला.

"क्लिप माझ्याकडे राहिली."

"मग सायरन लावा आणि गाठा त्याला!"

"सायरन ऐकून तो दचकून ब्रेक मारेल. ओढ आहे तोवर पिन दाबलेली राहील. ब्रेक मारला की सैल होईल, आणि एका खड्ड्यात उडेल." एवढं बोलेपर्यंत त्यांनी मोटरसायकलला किक मारली होती.

दुसऱ्या वळणानंतर ट्रेलर दिसला. आठ माना उतारावर डुलत चाललेल्या. खाली दरी, समोरून चढणाऱ्या गाड्या. बाई मधे पुरेसं अंतर ठेवून मागे लागल्या आणि हात खाली-वर करून हळू जायची खूण करू लागल्या. दादाने आरशात पाहिलं. फडक्याचा अंगठा खिडकीतून बाहेर काढून हलवला आणि ओरडला, "आता काय राहिलं? घोड्यांची लायसन्सं?" आणि व्रताप्रमाणे त्याने वेग थोडा वाढवला.

पुढे रस्ता मोकळा होता तेवढ्यात बाईंनी मोटरसायकल त्याच्या खिडकीशी आणली. धमकावून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण लहानपणीचा एक आवाज त्यांच्याकडे होता. दादा विहिरीच्या काठावर उलटा चालत मागे सरकत होता तेव्हा तो एकदाच निघाला होता. मोठा नाही, हळूच.

"दादा. ब्रेक मारू नको. गिअर उतरव."

दादाने कारण विचारलं नाही. गिअर उतरवला. जीप घुरघुरली, मंदावली. अजून एक गिअर. बाई पुढे जाऊन समोरच्या गाड्यांना हाताने बाजूला घेत राहिल्या. वळण गेलं, उतार संपत आला, जीप माणसाच्या चालीवर आली. पुलाच्या तोंडाशी रस्त्याला छोटासा उंचवटा आहे. त्यावरून जीप गेली आणि खट् असा आवाज आला.

पिन उडाली. दांडा खाली आला आणि साखळ्यांच्या फुलीत अलगद विसावला. ट्रेलर ओळखीच्या कुत्र्यासारखा दोन पावलं मागून आला, जीपला हलकंसं नाक लावलं आणि थांबला. आठही घोड्यांनी एकदम मान हलवली. मग सगळं शांत.

दादा उतरला. आधी त्याने घोडे मोजले. मग वाकून साखळ्या बघितल्या. मग बहिणीकडे. तिने तळहात पुढे केला. त्यावर क्लिप.

"माझी चूक. मी काढली आणि लावलीच नाही."

दादाने क्लिपकडे बघितलं, साखळ्यांकडे बघितलं, परत क्लिपकडे. आणि तो हसायला लागला. इतका की रस्त्याच्या कडेला बसला. अंगठा धरून, डोळे पुसत. बाई आधी रागावल्या, मग त्यांचे ओठ हलले, मग त्याही त्याच्या शेजारी बसल्या आणि पोट धरून हसल्या.

हसून झाल्यावर दादा उठला. हात पाठीमागे बांधले, छाती काढली. "ड्रायव्हर, इकडे या. हात कोणाचा होता?"

"माझा."

"आणि डोळे?"

"तेही माझेच."

"मग दुसऱ्या माणसाने काय करायचं? घोडे राखायचे?"

"चुकलं, साहेब."

तोवर मागून गाड्या थांबत होत्या. बातमी उतारावरून खाली आपोआप घरंगळली. साखळीबाईंनी तपासलेली पिन निघाली! एकोणीस वर्षं ज्यांना बाईंनी ताटकळवलं होतं ते सगळे आनंदाने दांडा उचलायला धावले. फर्निचरवाला तर उडी मारून उतरला. "काय बाई, पाच किलोमीटर तर जायचं होतं ना?" बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "घ्या म्हणून. आजचा दिवस तुमचा." पाच जणांनी दांडा उचलला, दादाने फडकं सोडून सोललेल्या अंगठ्यानेच पिन घातली, क्लिप अडकवली. बाई पाठीमागे हात बांधून वाकून बघत होत्या. मग फर्निचरवाल्याने साखळी ओढून बघितली, त्याच्या मागे आणखी तिघांनी. आणि कोणीही काही न सांगता प्रत्येक जण आपापल्या गाडीमागे जाऊन आपली साखळी बघून आला.

तिथूनच बाईंनी इन्स्पेक्टर साहेबांना फोन लावला. लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"कोणाला लागलं?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"साखळ्या होत्या?"

"होत्या. आपल्याच केबिनमधल्या."

मग साहेब म्हणाले, "उद्या लिहून द्या सगळं, जसं झालं तसं. आणि ड्रायव्हरांच्या पुढच्या वर्गात ही गोष्ट तुम्हीच सांगायची." फोन ठेवता ठेवता, "घोडे कसे आहेत?"

"एक आमच्या आत्यासारखा आहे, साहेब."

दवाखान्याच्या बागेत पाचला पाच मिनिटं होती तेव्हा चौकट उभी राहिली आणि शेवटचा बोल्ट बसला. मुलं आधीच रांगेत होती. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणाच्या हाताला सुई, एकाच्या डोक्यावर पांढरी पट्टी. पुढे निळ्या झग्यातली एक मुलगी होती. तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. कान मागे टाकलेला, ओठ आवळलेला घोडा.

"थांबा," साखळीबाई म्हणाल्या.

मुलांनी "ओऽऽ" केलं. दादाने आभाळाकडे बघितलं. पण बाईंनी एकाही घोड्याला हात लावला नाही. त्यांचे हात पाठीमागे होते, घट्ट.

"दादा, एकेक घोडा तू ओढून दाखव. मी बघते."

"आत्ताच तर आवळलेत सगळे, चिमणे!"

"हात तुझा."

दादा कुरकुरला. पण त्याने पहिला घोडा धरला आणि जीव खाऊन ओढला. मग दुसरा. मुलं मोजू लागली, आधी दोघं, मग सगळी. तीन. चार. दातपडका पाच. झोपाळू सहाला मुलं हसली. सात. आत्याला हात लावताना दादा जरा बिचकला, तेव्हा निळ्या झग्यातल्या मुलीनेच त्याला सांगितलं, "जोरात ओढा ना, काका, मला बसायचंय." त्याने जोरात ओढलं. घोडा हलला नाही.

"आता झालं?" मुलीने बाईंना विचारलं.

बाईंनी वाकून खालचा बोल्ट बघितला, वर बघितलं, मग मुलीकडे बघून शिट्टी फुंकली.

"आता झालं. जाऊ दे गाडी."