खाटेपासून उंबऱ्यापर्यंत

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. सहा महिने तर माझे नुसत्या दवाखान्याच्या फोटोत गेले. मी फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते, म्हणजे माझा दवाखाना माझी स्कूटरच. सरकारी योजनेच्या यादीत नाव लागलं असतं तर डोंगरातल्या माणसांना पदरचं काही न घालता मला बोलावता आलं असतं, म्हणून अर्ज केला. डिग्री जोडली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जोडलं, पोलिसांचा दाखला जोडला. तरी अर्ज परत. दवाखान्याचा फोटो नाही! "अहो, ही योजनाच घरी जाऊन उपचार करणाऱ्यांची आहे ना?" मी विचारलं. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "म्याडम, रकाना आहे म्हटल्यावर भरायला लागणार." मग मंचरला आमच्या गोठ्याच्या भिंतीवर पाटी लावली, फोटो काढला, पाटी उतरवली. तो फोटो पास झाला.

मग तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळाली. पेशंट बघा, नोंदी ठेवा, शेवटी साहेब येऊन पाहणी करतील आणि मग नाव यादीत लागेल किंवा नाही. त्या तीन महिन्यांतली माझी पेशंट म्हणजे घाटघरची आजी.

आजीच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही लुळे. घरात मुलगा आणि सून. मुलगा भाताची शेती करायचा आणि शनिवार-रविवारी नाणेघाटात येणाऱ्यांना चहा-भजी विकायचा. सून सासूचं सगळं खाटेवरच करायची, तोंडातून एक शब्द न काढता. आजीला तेच सहन होत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "बाय, मला बाकी काय नको. परसाकडंला माझ्या पायानं जाऊ दे. त्या पोरीनं माझं काढायचं, मला लई लाज वाटती."

अशा पेशंटचे पहिले काही महिने सोन्याचे असतात. त्या दिवसांत पाय जेवढा परत येतो तेवढा येतो, नंतर हट्टाला पेटतो. मी आठवड्यातून दोनदा जायचे. खाटेवर उठून बसणं, मग धरून उभं राहणं, मग हातात पकड आल्यावर वॉकर. वॉकरला आजी घोडा म्हणायची. "आन गं माझा घोडा," असं सुनेला ओरडायची तेव्हा माझाच जीव सुपाएवढा व्हायचा. टाच टेकली नाही की मी रागवायचे. मग तीही मला शिव्या घालायची आणि टाच टेकवायची. तिसरा महिना संपता संपता ती खाटेपासून उंबऱ्यापर्यंत चालली. चौदा पावलं! सून पदर तोंडाला लावून रडली. आता उंबरा ओलांडला की अंगण आणि अंगणाच्या कडेला संडास. अजून महिनाभर, मी म्हटलं, फार तर दीड.

तेवढ्यात पाहणीचं पत्र आलं आणि साहेबांनी नेमकी घाटघरचीच पेशंट निवडली. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मी जाऊन सांगितलं, "गुरुवारी साहेब आजींना बघायला येणार आहेत. ते बघतील, लिहून नेतील, आणि मग मंजूर होईल." एवढंच बोलले. पुढचं काय सांगायचं? चालणाऱ्या माणसाने चालून दाखवायचं, हे काय सांगायला लागतं?

गुरुवारी साहेबांच्या जीपमधून पोचले तर आजी खाटेवर. गळ्यापर्यंत गोधडी, डोळे अर्धे मिटलेले, कपाळाला फडकं बांधलेलं. घोडा कुठे दिसेना.

"आजी, उठा, साहेबांना चालून दाखवा," मी म्हटलं.

"न्हाई गं बाई," आजी कण्हली. "हलताच येत न्हाई."

मी गोधडी काढायला गेले तर तिने डाव्या हाताने ती घट्ट धरली. मुलगा हात जोडून साहेबांपुढे उभा. "लई हाल हायेत, साहेब. जागची उठत न्हाई. उचलून न्यावं लागतं." असं म्हणता म्हणता त्याने साहेबांच्या पाठीमागून मला डोळा मारला.

मी बोलायला लागले, साहेब, परवाच चालल्या, चौदा पावलं, नोंदी बघा. साहेब माझ्या वहीकडे बघत होते, मग खाटेकडे बघत होते. ते वाईट नव्हते. "म्याडम, मी जे दिसतं ते लिहितो," म्हणाले. त्यात काय चूक होतं, सांगा. मी आजीच्या कानात अक्षरशः गयावया केली. आजीने डोळे पुरतेच मिटले.

साहेब जीपकडे गेले तशी मी मुलाला धरलं. "काय केलंत हे तुम्ही?"

तो खुशीत होता. "ताई, तुमाला म्हायती न्हाई. मागं वादळात आमचे पत्रे उडाले. आई भिजती म्हणून मी त्याच सांजच्याला परत बसिवले. साहेब आला, वर बघितलं, म्हणला नुकसान न्हाई. ज्यांनी उघडं ठिवलं त्यांला मिळालं. तवाच कानाला खडा लावला. साहेब आला की झाकायचं न्हाई, उघडं दावायचं. घोडा पेंढ्यात घातलाय. आता मंजूर झालंच समजा."

मी कपाळावर हात मारून घेतला. समजावून सांगायला तोंड उघडलं तर जीपचा हॉर्न वाजला, आणि परतीला दुसरी गाडी नव्हती. मी गेले. तशी गेले नसते तर, हे मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेल.

निर्णय होईपर्यंत पेशंटला भेटू नये, असा नियम होता. मी तो पाळला. मूर्खासारखा पाळला, नाव यादीत लागावं म्हणून. घाटघरला फोन लागत नाही, हे एक मला चांगलं कारण मिळालं होतं. महिना गेला, वर पंधरा दिवस गेले, आणि कागद आला. रुग्णाच्या स्थितीत सुधारणा आढळली नाही, सबब नामंजूर.

कागद पर्समध्ये घालून दुसऱ्या दिवशी घाटघर गाठलं. आजी खाटेवरच होती. तीच गोधडी. मला बघून तिचं तोंड हे एवढं फुललं.

"ये बाय, ये! कशी निजले व्हते त्या दिवशी? पापणी बी हलवली न्हाई. नाकावर माशी बसली तरी हलले न्हाई!"

सून चहा ठेवायला आत गेली. मुलगा म्हणाला, "त्या दिसापासनं उठू दिली न्हाई बघा. साहेब अचानक परत आला तर? न्हाईतर शेजारचं कुणी सांगायचं, म्हातारी चालती म्हणून."

"त्या दिवसापासून?" मी विचारलं. "एकदाही नाही?"

"एकदा बी न्हाई," आजीनेच अभिमानाने सांगितलं. "लई कटाळा आला. पर म्हणलं, कागद येऊ दे."

मी गोधडी बाजूला केली. गुडघा वाकून तसाच बसला होता. पाऊल हातात घेऊन वर दाबलं, तर पोटरी दोरीसारखी ताठ. मी दाबत राहिले, उगीचच दाबत राहिले, कारण वर बघायची माझी हिंमत होत नव्हती. मुलगा पेंढ्यातून घोडा काढून आणत होता. घोड्याच्या पायांत काड्या अडकल्या होत्या, त्या तो एकेक करून उपटत होता.

"मंजूर झालं न्हवं?" आजीने विचारलं. "मग आता उठू का?"

मी हो म्हटलं. उठा म्हटलं. काखेत हात घालून तिला उभं केलं, तिने घोडा धरला, आणि सवयीने माझ्याकडे बघून टाच टेकवायला गेली. टाच चार बोटं वरच राहिली. तिने पुन्हा जोर लावला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं, मी अजून रागवत का नाही म्हणून.