बुद्धपौर्णिमेचं गिरान

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला छायाकल्प चंद्रग्रहण आलं होतं. अशा ग्रहणात चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत शिरत नाही, कडेच्या विरळ सावलीतून नुसता जातो. तेज जरासं मंदावतं. कुणी सांगितलं नाही तर कळतही नाही. मी लातुरात भूगोल शिकवतो, म्हणून लेकीला गच्चीवरून ते दाखवायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी विहारातून आलेल्या आईनं पांढरी साडीही बदलली नव्हती, तोच शेजारच्या वहिनी दारात आल्या. हातात गव्हाची पिशवी, वर दोन जुन्या साड्या.

"मावशी, आज गिरान हाय ना. म्हटलं, दान द्यायला लांब कशाला जायचं, तुमी शेजारीच की."

बोलण्यात खोट नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, हे ग्रहण पंचांगातसुद्धा पाळायचं नसतं..."

"तू गप." आई त्यांच्याकडं वळली. "बाई, हे गिरान तर कुणाला दिसनार बी न्हाई. मग आमीच कसं दिसलो?"

पूर्वी आमच्या गावाकडं, लोह्याला, ग्रहण लागलं की आमच्या वस्तीतल्या बायका 'दे दान, सुटे गिरान' ओरडत दारोदार फिरायच्या. दीक्षा घेतल्यावर आजीनं ते सोडलं. आई तर शिकून नर्स झाली. तिनं कधी कुणापुढं पदर पसरला नाही.

वहिनींचा चेहरा उतरला. "तसं न्हाई वो मावशी," म्हणत त्या पिशवी घेऊन परत गेल्या.

जेवणं झाल्यावर आम्ही बापलेक गच्चीवर गेलो. चंद्र मंदावला की नाही, मला ठरवता येईना. मी लेकीला सांगितलं, की हेच ग्रहण अठरा वर्षं आणि काही दिवसांनी पुन्हा येतं, पण दर वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या भागावर. आपल्या आभाळात परतायला चौपन्न वर्षं लागतात.

खाली येताच तिनं विचारलं, "आजी, तू लहान होतीस तेव्हा हेच आलं होतं. बघितलंस?"

"न्हाई गं. कुणालाच दिसलं नसंल. त्या रातीला वस्ती सुखानं झोपली असंल."

वहिनी अजूनही भेटल्या की विचारपूस करतात. आई उत्तर देते. पण संध्याकाळी ती आता पुढं ओट्यावर बसत नाही, खुर्ची मागच्या बाजूला टाकीजवळ नेते.

"हिकडं वारा हाय," म्हणते.

तिथं वारा येत नाही.